मोजणीच्या दिवशी नीलिमा आली

आमच्या बेलटोल्यात विहीर आटली असं कोणी म्हणत नाही. विहीर माहेरी गेली, असं म्हणतात. पूर्वी एखाद्या कडक उन्हाळ्यात ती थोडे दिवस माहेरी जायची आणि मृगाच्या सुमाराला परत यायची. बायका तिची वाट पाहायच्या, पण काळजी करत नसत. माहेरी गेलेली बाई आज ना उद्या येतेच.

पुढे गावापासून कोसभरावरची कोळशाची खाण खोल गेली. खाणीत साचणारं पाणी मोठ्या पंपांनी उपसून नाल्यात सोडायला लागले आणि आमच्या विहिरीचं माहेरपण लांबत गेलं. आधी ती होळीनंतर जायची, मग संक्रांतीलाच जायला लागली. आता दिवाळीपर्यंत तळाला थोडं पाणी दिसतं, त्यानंतर पुढचा पाऊस येईपर्यंत नुसता खडक. गावाला टँकर येतो. तो खाणीवरूनच भरून येतो. सोमारीबाई घागर लावताना म्हणते, "आपलीच लेक आन् आपल्याच घरी पाहुणी."

श्रीहरी आणि सीताबाईचं घर विहिरीला लागूनच आहे. सीताबाई सकाळी अंगण झाडते, मग विहिरीच्या काठावरचा पाचोळा झाडते. पाणी असो नसो, तिचा तो नेम सुटला नाही. काठाच्या दगडावर भूजल खात्याच्या माणसांनी निळ्या रंगात एक आकडा लिहिलेला आहे. वर्षातून चार वेळा खात्याचा माणूस येतो, वजन लावलेली लोखंडी पट्टी विहिरीत सोडतो आणि पाणी किती खोल गेलं ते मोजून नेतो. तो आकडा लिहिला त्या दिवशी बायकांनी त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. सरकारनं विहिरीला नाव ठेवलं असं त्यांना वाटलं.

या दोघांना एकच लेक, नीलिमा. आलापल्लीला दिली. जावई वनखात्याच्या लाकूड आगारात कामाला. लग्नानंतर बरीच वर्षं नीलिमाची कूस उजवली नाही. सीताबाईनं कुठे कुठे नवस बोलले ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी एकदाचे दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे सांगायलासुद्धा नको. सीताबाईनं परसातली न्हाणी सारवली, बाज कसून घेतली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली.

मग एक दिवस विहीणबाईंचा फोन आला.

"राग नोका मानू, बाई," त्या म्हणाल्या. "पन बाळंतिणीले दोन टाइम कढत पानी लागते. लेकराचे कपडे हायेत. तुमच्या इथी टँकर एका दिसाआड येते म्हणते नीलिमा. इथी आमच्या घरी नळ हाये. इथीच होऊ द्या."

सीताबाई "हो बाई, बरोबर हाये" म्हणाली आणि फोन ठेवला. चैत्रात नीलिमाला मुलगी झाली. सीताबाईनं डिंकाचे लाडू केले, श्रीहरी ते एसटीनं घेऊन गेला आणि नात पाहून आला. घरात कोणीतरी म्हशीला पाणी पाजायला हवं, म्हणून सीताबाई गेली नाही. कसलेली बाज तशीच भिंतीला टेकून उभी राहिली.

आता एकच गोष्ट उरली होती. आमच्या गावची लेक बाळंत झाली की सव्वा महिन्यानं माहेरच्या विहिरीवर येते. काठाला हळदकुंकवाची पाच बोटं ओढते, अंगावरच्या दुधाचे पाच थेंब विहिरीत सोडते आणि लेकराला छातीशी धरून वाकून पाण्यात दोघांचं तोंड पाहते. मग छोटी घागर भरून डोक्यावर घरी नेते. त्या दिवसापासून तिचं बाळंतपण सरलं. सीताबाईच्या नणंदांनी हे केलं, त्यांच्या आत्यांनी केलं. नीलिमाला तर या विहिरीनं कडेवर असल्यापासून पाहिलं आहे.

"आई, मी मंगळवारी येतो," नीलिमानं फोनवर सांगितलं. "सासूबाई हो म्हणाल्या. यायले आगारातून सुट्टी भेटली. पन एकच दिवस. सकाळी निघू आन् उन्हं उतरली का वापस. लेकराले जास्त ठेवू नाई देत त्या." मग तिनं विचारलं, "विहिरीले पानी हाये का वं?"

"तू ये तं," सीताबाई म्हणाली. "पान्याचं मी पाहतो."

तिनं मनात ठरवूनच टाकलं होतं. तो मंगळवार टँकरचा दिवस होता. तो आला की थोडं पाणी विहिरीत सोडायचं. गावातल्या बायका एक वेळचं पाणी सोडतील, नीलिमासाठी कोणी नाही म्हणणार नाही. तळाला हातभर पाणी झालं तरी तोंड दिसतं.

श्रीहरी दारात दोर वळत बसला होता. तो म्हणाला, "मंगळवारी मोजनी हाये."

"मंग?"

"मंग काय? पट्टी पडेपर्यंत विहिरीत थेंब नाई पडला पायजे."

सीताबाई उठली. चुलीपाशी जाऊन बसली. श्रीहरीच्या या बोलण्यामागे काय आहे ते तिला माहीत होतं. गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं.

झालं होतं असं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गावानं अर्ज केला होता. खाण आमचं पाणी ओढते आहे, पंपांना आळा घाला, पाणी नाल्यात सोडून देण्याऐवजी आमच्या तलावात तरी आणून सोडा. वरून उत्तर आलं की मे महिन्याची मोजणी होऊ द्या, ती बघून ठरवू. मोजणीचा दिवस आला. खात्याचा साहेब पहिल्यांदाच स्वतः मोजायला येणार. तेव्हा श्रीहरीनंच पंचांना म्हटलं, "नागपूरकडचा सायेब उन्हातान्हात येऊन राह्यला. त्याले कोरडा खड्डा दाखवाचा का? घरी पाहुना आला तं आपन रिकामी कनगी उघडून दाखवतो का?" ते सगळ्यांना पटलं. दोन टँकर विहिरीत रिकामे केले. बायकांनी काठावर रांगोळी घातली. साहेबानं पट्टी सोडली, पाणी मोजलं, लिहिलं, चहा घेतला आणि गेला. संध्याकाळपर्यंत विहिरीनं ते पाणी पिऊन टाकलं. आमचा गाव बिनधोक पाण्याच्या यादीत गेला आणि पावसाळ्यात खाणीला आणखी खोल जायची परवानगी मिळाली.

श्रीहरी तेव्हा चंद्रपूरला खात्याच्या कचेरीत जाऊन आला. त्यानं सगळं खरं सांगितलं. तिथं तोच मोजणीचा साहेब भेटला. चांगला होता, आदेश त्याचं नाव. त्यानं ऐकून घेतलं, पण म्हणाला, "बाबा, नोंद झाली. आता पुढच्या मेपर्यंत काही होत नाही. तोवर विहिरीत एक घागरसुद्धा बाहेरचं पाणी टाकू नका."

तेव्हापासून श्रीहरी विहिरीची राखण करत होता म्हटलं तरी चालेल. पोरं काठावर पाण्याची बाटली घेऊन बसली तरी हाकलायचा.

भाकरी थापता थापता सीताबाई एकदम म्हणाली, "सरकारच्या मानसासाठी दोन टँकर वतले. पोटच्या पोरीसाठी एक घागर नाई?"

श्रीहरी दोर वळायचा थांबला. "त्याच्यासाठी वतले म्हनूनच तं," तो म्हणाला आणि दोर बाजूला ठेवला.

थोड्या वेळानं त्यानंच तोड काढली. आदेश साहेबाचा निरोप होता की सकाळीच येतो. सकाळी मोजणी होईल. टँकर दुपारी येतो. नीलिमाही दुपारपर्यंतच पोचेल. आधी पट्टी पडेल, मग पाणी. सीताबाईला ते पटलं. तिनं पितळेची छोटी घागर चिंचेनं घासून लख्ख केली.

मंगळवारी सकाळी सोमारीबाई आणि आणखी चार बायका विहिरीवर जमल्या. काठ सारवला. आंब्याची पानं बांधली. ऊन वर चढलं तरी साहेबाची गाडी आली नाही. श्रीहरी फाट्यापर्यंत जाऊन आला. फोन लावला तर लागत नव्हता. वाटेत आणखी कुठल्या गावच्या विहिरी असतील, असं तो आपलं आपणच म्हणत होता.

नीलिमा आली. गाडीतून उतरताना तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. सीताबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायावर पाणी घातलं, अगदी चुळकाभर, आणि नात हातात घेतली. पोर झोपेत ओठ हलवत होती. सीताबाईनं तिच्या डोक्याचा वास घेतला आणि ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

"आई, दे तिले इकडे, ऊन हाये," नीलिमा म्हणाली.

"थांब वं जराशीक," सीताबाई म्हणाली.

जेवणं झाली. जावई बाजेवर आडवा झाला. तीच बाज, आता आडवी टाकली होती. मग टँकर आला. विक्की चालवतो तो. पोरगा बोलका आहे.

"काय सीताबाई, आज विहिरीचं लगन हाये का?" आंब्याची पानं पाहून तो म्हणाला.

"बारसं समज," सोमारीबाई म्हणाली. "तू पाइप काढ आन् गप उभा राह्य. सायेब आला का सोडाचं."

"कोनता सायेब? मले पुढच्या गावाले जाचं हाये मावशी. तिथी बाया घागरी घेऊन माह्या बापाले शिव्या देऊन राह्यल्या असतील."

"तुह्या बापाले सवय हाये. थांब."

विक्की थांबला. बायकांनी एका वेळेपुरत्या घागरी भरल्या, बाकीचं पाणी विहिरीसाठी टँकरातच राहू दिलं. त्यानं पाइप विहिरीपर्यंत आणून ठेवला. बायका टँकरच्या सावलीत बसल्या. सीताबाईनं पाइपाचं टोक हातात धरलं. नीलिमा पदराखाली लेकरू घेऊन काठाशी उभी होती. साहेबाची गाडी काही दिसेना. खाणीत सुरुंग उडाला, पायाखाली जमीन हलल्यासारखी झाली, काठावरचा हळदीचा पुडा कलंडला.

विक्कीनं दोनदा घड्याळ पाहिलं. "मावशी, आता नाई जमत. सोडाचं तं सोडू, नाई तं मी निघतो."

"सोड ना आई," नीलिमा म्हणाली. "काऊन थांबली?"

तेव्हा तिला सांगावं लागलं. मोजणीचं ऐकून नीलिमाचा आवाज चढला. "म्हंजे मी एवढ्या दुरून लेकरू घेऊन आली, ते पट्टीसाठी उभी राहाले? सासूबाईले मी काय सांगू? माह्या माहेरी माह्यासाठी घागरभर पानी नोयतं म्हनू?" तिचे डोळे भरून आले. "बाबा, तुमी तरी बोला."

श्रीहरी काठाच्या पलीकडच्या बाजूला बसला होता. पाठ वळवून. तो म्हणाला, "मी काही म्हनत नाई. तुह्या आईच्या हातात पाइप हाये. तिनं वतलं तं वतलं."

आता सगळ्या बायका सीताबाईकडे पाहायला लागल्या. सीताबाईनं विहिरीत पाहिलं. खाली पांढरा खडक उन्हानं तापला होता, एका फटीत पिंपळाचं वाळलेलं रोप होतं. मग तिनं विक्कीला विचारलं, "मांगच्या बारी वतलं होतं, ते पानी कवरीक टिकलं रे?"

"दिवस बुडेपर्यंत. खाण वढून घेते ना खालून."

"आन् हे?"

"हे बी तसंच. दुसरं काय?"

सीताबाईनं नातीच्या पायाला हात लावला. एवढासा तळवा. मग पाइप विक्कीच्या हातात दिला. "जाय बाबा," ती म्हणाली. "पुढच्या गावच्या बाया खोळंबल्या असतील."

"पाह्य मावशी, वापस नाई येत मी आज."

"जाय म्हनतो ना."

टँकर गेला. त्यातून गळणाऱ्या पाण्याची ओली रेघ रस्त्यावर पडली आणि बघता बघता वाळली. नीलिमा घरात जाऊन पाठमोरी बसली. सीताबाई तिच्यामागे गेली नाही. ती काठावरच बसून राहिली, रिकामी घागर मांडीवर घेऊन.

उन्हं उतरायला लागली तेव्हा गाडी आली. आदेश साहेब घामानं निथळत होता. वाटेत टायर फुटला होता, फोनला रेंज नव्हती. त्यानं हात जोडून माफी मागितली. आंब्याची पानं, हळदीचा पुडा, बायकांचे चेहरे पाहून त्याला काहीतरी कळलं असावं. तो काही विचारत बसला नाही. त्यानं काठावर वाकून नीट आत पाहिलं, खडकाची बाजू न्याहाळली, मग पट्टी सोडली. पट्टी सरसर खाली गेली. खालून आवाज आला, ठक.

त्यानं पट्टी वर ओढली. वजनाला पांढरी धूळ लागली होती. "कोरडी," तो म्हणाला.

"तसं नाई म्हनत सायेब," सीताबाई म्हणाली. "माहेरी गेली म्हनाव."

आदेशनं तिच्याकडे पाहिलं. "लिहिताना कोरडीच लिहावं लागतं, आई. नाहीतर तुमचंच नुकसान. बोलताना माहेरी गेली म्हणतो."

तो लिहीत असताना जावयानं गाडीचा हॉर्न वाजवला. नीलिमा बाहेर आली. ती गाडीकडे जाईल असं वाटलं होतं, पण ती विहिरीकडे आली. साहेब तोंड फिरवून आपल्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. नीलिमानं हळदकुंकवाची पाच बोटं काठाला ओढली. मग पदराआडून दुधाचे पाच थेंब विहिरीत सोडले. पाणी असतं तर प्रत्येक थेंबाला खाली एक कडं उमटलं असतं. काहीच ऐकू आलं नाही. थेंब खडकावर पोचायच्या आधीच वाळले असतील.

वाकून तोंड तिनं पाहिलं नाही. लेकराचं तोंड पदरानं झाकून घेतलं. कोरड्या विहिरीत लेकराचं तोंड दाखवू नये म्हणतात.

"घागर ठेवजो," ती आईला म्हणाली. "लोकाले देऊन टाकशीन एखांद्या वेळी."

"नाई देत."

"पानी आलं का फोन कर."

"करतो."

गाडी फाट्यावर वळेपर्यंत सीताबाई हात वर धरून उभी होती. श्रीहरी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. सोमारीबाईनं उरलेलं कुंकू निळ्या आकड्याला लावून टाकलं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. धान झाला, कापूस झाला. थंडीत हुकूम आला. आमच्या पट्ट्यात पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलं आहे, नव्या खोल बोअर बंद, खाणीनं आणखी खोल जायचं थांबवावं आणि उपसलेलं पाणी नाल्यात न सोडता नळानं आमच्या तलावात आणून सोडावं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो कागद चिकटवला. तो मी स्वतः अक्षर अक्षर लावून दोनदा वाचला, कारण ऐकलेल्यावर विश्वास बसेना. नळ यायला वेळ लागला. संक्रांत गेली, होळी गेली. तलावात पाणी पडायला लागलं ते पळस फुलून गेल्यावर. विहीर तशीच होती. जमीन आधी आपली तहान भागवते, मग वर देते.

सीताबाई रोज काठ झाडायची आणि वाकून पाहायची. नीलिमाचा फोन आठवड्याला यायचा. पोर पालथी पडली, बसली, धरून उभी राहिली. दर वेळी शेवटी ती विचारायची, "पानी?" आणि सीताबाई म्हणायची, "माहेरीच हाये अजून." नीलिमा हसायची, पण फोन ठेवायला वेळ लावायची. पोर बोलायला लागेल तेव्हा आपल्याला काय म्हणेल, याचा सीताबाई विचार करायची. आजी म्हणेल की आलापल्लीच्या शेजारणीला म्हणते तसं काहीतरी म्हणेल.

पुन्हा मे आला. आदेश साहेब या वेळी सकाळीच आला, अगदी उन्हाच्या आधी. कोणी पानं बांधली नव्हती. सीताबाई एकटीच काठावर होती. त्यानं पट्टी सोडली. खाली वजन टेकलं, पण ठक असा आवाज आला नाही. आवाजच आला नाही. साहेबानं पुन्हा थोडी उचलून सोडली. मग वर ओढली.

वजनाला काळा चिखल लागला होता. पातळ, थंड चिखल.

साहेब खिशातून फडकं काढायला लागला. "पुसू नोका," सीताबाई म्हणाली. तिनं तो चिखल बोटावर घेतला, नाकाशी नेला, मग कपाळाला लावला. श्रीहरी घरातून धावत आला. त्यानं खाली वाकून पाहिलं, त्याला काहीच दिसलं नाही, तरी तो पाहत राहिला.

"पाणी म्हणून नाही लिहिता येणार," आदेश म्हणाला. "ओल लिहितो."

सीताबाईनं नीलिमाला फोन लावला. पलीकडून पोरीचा आवाज येत होता, भांडं आपटल्याचा. नीलिमानं नेहमीसारखं विचारलं नाही. आईनं एवढ्या सकाळी कधी फोन केला नव्हता.

"निघाली," सीताबाई म्हणाली. "माहेराहून निघाली. वाटेत हाये."

"किती आलं?"

"तोंड नाई दिसत अजून. ओल हाये." आणि मग ती म्हणाली, "पोरीले चालू शिकू दे. तोवर येते ते. मंग तिनं सोता वाकून पाहावं."

फोन ठेवून ती घरात गेली. फळीवरची छोटी घागर तिनं खाली काढली आणि चिंच भिजत घातली.